पंप तर आपण विकतोच

३ सप्टेंबर, मंगळवार

नदीचा बंधारा फुटला. ताईचं निम्मं गाव पाण्यात. ताईचं घर चढावर आहे, म्हणून ती सुखरूप. दुपारी फोन लागला. तिला म्हटलं, अजिबात घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, बरं.

ऑफिसात तातडीची मीटिंग. थोरले साहेब म्हणाले, अशा वेळी खाजगी क्षेत्रानं हातावर हात ठेवून बसता कामा नये, मदत समिती नेमू. मी तेवढ्यात चहात साखर कमी होती म्हणून पॅन्ट्रीत गेलो होतो. परत आलो तर टाळ्या. समितीचा प्रमुख म्हणून एकमतानं माझी निवड झालेली! खोलीत नसतानाही माणसाचं नाव निघतं, याला वजन म्हणतात. विक्रीप्रमुख (याला मी मनातल्या मनात टार्गेट म्हणतो, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नसतो) सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. जळका मनुष्य. चेहऱ्यावर दाखवत नाही इतकंच.

संध्याकाळी भावोजींचा फोन. ते तिथल्या पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. पंपहाउसच्या तळघरात गळ्याइतकं चिखलपाणी शिरलंय, मोटारी बुडाल्यात. ते उपसून मोटारी वाळवल्याशिवाय गावाला प्यायचं पाणी नाही. बाहेर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. वीज गेलेली, म्हणून डिझेलवर चालणारे, चिखल ओढणारे चार पंप हवेत, पाइपांसकट. म्हणाले, तुमची तर पंपाचीच कंपनी, गोदामात पडलेले असतील.

मी म्हटलं, निश्चिंत राहा भावोजी.

फोन ठेवल्यावर शांतपणे विचार केला. पंप? पंप तर आपण विकतोच. त्यात मदत ती काय? मदत दिसायला हवी, मनाला भिडायला हवी. भावोजी हुशार, पण इंजिनियर. त्यांना भिडणं म्हणजे काय ते कळत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठणे. संकटकाळात नेत्यानं झोपून चालत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

सव्वाआठला उठलो. यात माझा दोष नाही. शेजारच्या प्लॉटवर इमारतीच्या पायासाठी मोठा खड्डा खणलाय. त्यात पाणी लागलं, ते उपसायला कॉन्ट्रॅक्टरनं एक पंप लावलाय. दिवसभर धडधड, धडधड. रात्री बंद करतात, तर मला त्या शांततेनंच झोप येत नाही. असले खुळखुळे कोण बनवतं कोण जाणे. आमच्या स्पर्धक कंपनीचाच असणार. कॉन्ट्रॅक्टरला तिसरी तक्रार पाठवली, या वेळी कडक भाषेत.

मोहिमेचं नाव ठरवायला अख्खी दुपार गेली. शेवटी मलाच सुचलं: 'ओलाव्याचं नातं'. अंगावर काटा आला. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ज्यांच्या गाद्या भिजल्यात त्यांना सध्या थोडं कोरडं नातं चाललं असतं. ही लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे भावनेकडे जरा रुक्षपणे बघते. नाव कायम.

भावोजींचे दोन मिस्ड कॉल. मीटिंगमध्ये होतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

टी-शर्टच्या रंगावर चर्चा. मी पांढरा सुचवला. टार्गेट म्हणाला, पुराच्या चिखलात पांढरा? मी म्हटलं, पांढरा म्हणजे शांती. तो म्हणाला, पांढरा म्हणजे साबण. लोक हसले. अशा हसण्यानंच मोठ्या गोष्टी रखडतात. पांढराच ठरला.

समितीची बाकीची कामं: बॅनर, गाडीत लावायचं गाणं, साहेबांचं भाषण. भाषण मीच लिहितोय. विषय 'आपत्तीकाळात खाजगी क्षेत्राची भूमिका'. पहिलं वाक्य झालं: आपत्ती सांगून येत नाही. हे मला फार खोल वाटतं. पुढचं वाक्य अजून आलेलं नाही.

भावोजींचा फोन घेतला. म्हणाले, टँकर येतो, पण लोक रांगेत हातघाईवर येतात. ताई गुडघा दुखत असताना कॅन घेऊन उतारावर जाते. पंपांचं काय झालं? मी म्हटलं, पाइपलाइनमध्ये आहे. ते म्हणाले, माझी पाइपलाइन कोरडी आहे हो, म्हणून तर फोन केला. भावोजी माझ्याशी नेहमी असेच. लग्नात मी त्यांचा बूट लपवला होता, तोही त्यांनी शांतपणे दुसरा जोड घालून निभावला.

मनाला मात्र लागलं. ताईनं मला कडेवर घेऊन सांभाळलंय. तिनं कॅन उचलायचा आणि मी टी-शर्ट निवडायचा? उद्या पंपांचं नक्की करतो. दुसऱ्या कशाला हात लावणार नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सकाळी जाग आली तीच शांततेनं. शेजारची धडधड बंद! खिडकीतून पाहिलं, तर खड्ड्याशी पंप नाहीच. म्हणजे माझ्या तक्रारीचा परिणाम झाला. शब्द तोलूनमापून वापरला की दगडालाही पाझर फुटतो. हिला विजयाची बातमी दिली. ही नुसती चहा ढवळत राहिली. खड्ड्यात पाणी हळूहळू चढतंय, त्यात मजूर पाय सोडून बसलेत. त्याला माझा इलाज नाही.

साहेबांना पंपांचं सांगितलं. ते लगेच हो म्हणाले. आधीच विचारलं असतं तर? असा विचार मनात आला. पण आधी मोहिमेला नाव नव्हतं. बिननावाची वस्तू कशी पाठवणार? चार पंप मंजूर. ट्रक उद्याच निघणार, साहेब हिरवा झेंडा दाखवणार. भावोजींना कळवलं. त्यांनी नुसतं हं म्हटलं. आनंदात माणसाला शब्द सुचत नाहीत.

७ सप्टेंबर, शनिवार

ट्रक निघाला नाही. साहेबांची दाढ. रात्रीतून गाल असा सुजला की एका बाजूनं साहेब आणि दुसऱ्या बाजूनं साहेबांचे थोरले बंधू वाटतात. अशा गालानं झेंडा दाखवला तर फोटोत पूरग्रस्त कोण ते कळायचं नाही. (हे मी मोठ्यानं बोललो नाही. माझ्यातही संयम आहे.) साहेब हातानंच खुणा करून म्हणाले, सूज उतरेपर्यंत थांबू.

टार्गेट म्हणाला, झेंडा राहू दे, ट्रक जाऊ दे, झेंडा नंतर दाखवता येईल. वरातीमागून घोडे, दुसरं काय! मी विरोध केला. नियोजनाला काही अर्थ असतो.

संध्याकाळी ताईचा फोन. तिनं पंपांचा विषयच काढला नाही. माझी अॅसिडिटी कशी आहे विचारलं. म्हटलं, तणाव आहे ताई, इतकी जबाबदारी. ती म्हणाली, सांभाळ रे बाबा, रात्री हलकं जेव.

८ सप्टेंबर, रविवार

रविवार असूनही गोदामात. याची नोंद कोणी घेणार नाही, म्हणून मीच घेतो.

पंप पाहिले. पिवळे, दणकट. पण लोगो? पायाशी, हाताच्या पंजाएवढा. फोटोत दिसणारच नाही. फिरून फिरून जागा शोधली आणि सापडली. इंजिनाच्या पुढच्या अंगाला ताटाएवढी गोल जाळी आहे. बरोबर कॅमेऱ्यासमोर येते, मागं काही नाही, नुसती जाळी. जाहिरातवाल्या पोरींनी तेवढाच गोल स्टिकर छापून आणला होता. चारही पंपांवर एकही सुरकुती पडू न देता चिकटवला. 'ओलाव्याचं नातं', खाली लोगो. जाळी आता झाकल्यासारखीही वाटत नाही, मुळात ती जागा स्टिकरसाठीच सोडलीय असं वाटतं. आपलं डिझाइन खातं इतकं दूरदर्शी असेल असं वाटलं नव्हतं.

साहेबांची सूज निम्म्यावर. दाढेच्या डॉक्टरशी मी स्वतः बोललो. बर्फ लावा म्हणाला.

९ सप्टेंबर, सोमवार

झेंडा दाखवला! साहेबांना डाव्या बाजूनं उभं केलं. भाषणात दोनच वाक्यं झाली, कारण तोंड पूर्ण उघडत नव्हतं. त्यातलं पहिलं माझंच. ट्रक गेटबाहेर गेला, फोटो झाले, ट्रक परत आत आला, कारण डिझेल भरलेलं नव्हतं. मग दुपारी खरोखर निघाला.

उद्या मीही जातोय, फोटोग्राफर घेऊन. हिला म्हटलं, ताईसाठी काही पाठवायचंय का. तिनं गुडघ्याचा पट्टा आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या दिल्या, भली मोठी पिशवी. म्हणाली, तिथं गेल्यावर जरा गप्प राहा. बायकांना नवऱ्याचं कर्तृत्व लवकर पेलत नाही.

संकल्प: उद्या 'मी' हा शब्द कमीत कमी वापरणे. 'आम्ही' म्हणणे.

११ सप्टेंबर, बुधवार

काल लिहिलं नाही. लिहिण्याजोगं काही नव्हतं. खरं म्हणजे फार होतं. आज ताईच्या घरी पलंगावर पडून लिहितोय. कमरेनं असहकार पुकारलाय.

कालचा दिवस असा. गावात शिरलो तर भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ. दुकानांतून लोक खराटे घेऊन गाळ ओढत होते. पांढरा टी-शर्ट घातलेला मी एकटाच. लोक वळून बघत होते. एका आजोबांनी मला विचारलं, तुम्ही पाण्याचे का? मी म्हटलं, आम्ही पंपाचे. ते म्हणाले, मग उशीर झाला का वाटेत? मी म्हटलं, थोडा.

पंपहाउसशी गर्दी. भावोजी गुडघाभर चिखलात. दाढी वाढलेली, डोळे लाल. मला पाहून हसले, म्हणाले, या. तळघरातलं पाणी गळ्यावरून मांडीपर्यंत उतरलेलं दिसलं. मी म्हटलं, अरे वा, आपोआप ओसरतंय. 

चार पंप ओळीनं मांडले. फोटोग्राफर म्हणाला, एकदम झकास. चारही एकाच वेळी सुरू करायचे, असं मीच ठरवलं, दृश्य भव्य दिसतं म्हणून. सुरू झाले. चिखलपाण्याच्या चार जाड धारा बाहेर पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई रडायला लागली. मलाही भरून आलं. मी दोन्ही हात जोडून सगळ्यांकडे बघत उभा राहिलो.

मग पहिल्याचा आवाज बदलला. मग धूर. दुसऱ्याचा धूर. लोक मागं सरले. भावोजी ओरडले, बंद करा, बंद करा. दोन बंद करेपर्यंत दोन आतल्या आत जाम झाले, आणि बंद केलेले दोन पुन्हा सुरूच झाले नाहीत. टाळ्या कधी थांबल्या कळलं नाही.

मी म्हटलं, डिझेलमध्ये भेसळ असणार. खात्रीनं म्हटलं.

भावोजींनी खाली वाकून जाळीवरचा स्टिकर नखानं उचकटला. चर्रर्र आवाज करत निघाला. म्हणाले, इंजिन इथून हवा ओढतं. त्यानंच थंड राहतं. कोणी लावलाय हा? चिडून नाही, अगदी शाळेत विचारतात तसं. माझ्या छातीवर तेच नाव, तोच लोगो छापलेला. मी खाली बघितलं. तेही उत्तरच झालं.

त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. धडधड, धडधड. ओळखीचा. पंपहाउसच्या मागच्या अंगाला गेलो. गंजलेला, तारेनं बांधलेला एक पंप चिखल ओढत होता. तळघर आपोआप ओसरत नव्हतं, हा एकटा ओसरवत होता, शुक्रवारपासून. त्याच्याशी बसलेल्या माणसानं मला निरखून पाहिलं. म्हणाला, साहेब, ते आवाजाची तक्रार करणारे तुम्हीच ना? आमच्या मालकानं तुमच्या तिन्ही तक्रारी वाचून दाखवल्या आम्हाला. तिसरी चांगली होती.

कॉन्ट्रॅक्टरचाच पंप. स्वतःच्या खड्ड्यात पाणी चढू देऊन, काम बंद ठेवून, टेम्पोत घालून इकडे पाठवलेला. मी विचारलं, पण तुम्हाला इथलं कोणी सांगितलं? तो म्हणाला, तुमच्या मॅडमनी. मालकाची शुगर त्यांच्याच लॅबमध्ये तपासतात ना. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट घेऊन जा आणि पंप देऊन जा.

पंप कोणत्या कंपनीचा ते बघायला मी वाकलो. पत्रा घासून गुळगुळीत झालेला, पण ओतीव झाकणावर अक्षरं उरली होती. आमचाच. जुनं मॉडेल. आम्ही बंद केलेलं, फार टिकतं म्हणून गिऱ्हाईक परत येत नाही, या कारणानं.

पुढं भावोजींनी लोकांना ओळीत उभं केलं. बादल्यांनी गाळ काढायचा. मीही उभा राहिलो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. हातातून हातात बादल्या जात होत्या. पलीकडच्या आजोबांचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता. खूप वेळ उभा होतो. कमरेचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. फोटोग्राफर तेव्हा जेवायला गेला होता.

आज ताईनं कमरेला शेक दिला. मी म्हटलं, ताई, मला लाज वाटतेय. ती म्हणाली, पालथा हो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

परत आलो. वाटेत शांत डोक्यानं विचार केला. स्टिकर चुकला, मान्य. पण जाळी तिथं असायला नको होती, हेही तितकंच खरं. डिझाइन खात्याला सूचना करणार.

हिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ही म्हणाली, तुला टी-शर्टचं टेन्शन होतं. मी म्हटलं, पंप पाठवल्याचं तरी सांगायचंस. म्हणाली, तुझ्या तक्रारीचा विजय झाला होता ना त्या दिवशी, तू किती खूश होतास.

संकल्प: कॉन्ट्रॅक्टरला आभाराचं पत्र लिहिणे. स्वतः जाऊन भेटणे जास्त चांगलं, पण पत्रात भाषा नीट बसते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात मी मान खाली घालून गेलो. साहेबांना सगळं खरं सांगायचं, असं लिफ्टमध्ये पक्कं केलं. केबिनमध्ये शिरलो तर साहेबांनी उठून हात मिळवला. फोटो पोचले होते. चार पिवळे पंप, चार धारा, रडणारी बाई, हात जोडलेला मी. धुराच्या आधीचे. साहेब म्हणाले, ही खरी खाजगी क्षेत्राची भूमिका. उद्या सगळ्या स्टाफसमोर सत्कार.

मी म्हटलं, साहेब, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, उद्या स्टेजवर सांगा, सगळे ऐकतील.

बरोबर आहे. खरं बोलायचं तर चार लोकांत बोलावं. उद्या स्टेजवरून सांगतो. भाषण लिहिलं. पहिलं वाक्य: माझ्याकडून एक चूक झाली. मोठ्यानं वाचून पाहिलं. ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, हे चांगलंय. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझं काहीतरी चांगलंय म्हटलं, बहुतेक.

१४ सप्टेंबर, शनिवार

सत्कार झाला. शाल नाही, काचेचा त्रिकोण दिला, टोकदार आहे. भाषणाचा कागद खिशात होता. स्टेजवर उभा राहिलो, समोर सगळे. टार्गेट पहिल्या रांगेत. कागद उघडला.  तेवढ्यात मागं पडद्यावर ते चार धारांचे फोटो मोठे करून लावले आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. टाळ्यांत कसं सांगणार? थांबायची वाट बघितली. थांबल्यावर मी म्हटलं, आपत्ती सांगून येत नाही. पुन्हा टाळ्या. मग सर्वांचे आभार मानून खाली बसलो.

ही पाहुण्यांत बसली होती. चहा न घेता निघून गेली. लॅबमध्ये काम होतं म्हणाली. शनिवारी दुपारी लॅब बंद असते.

काचेचा त्रिकोण कपाटावर ठेवला. मग कपाटात ठेवला.

कॉन्ट्रॅक्टरला भेटायचं राहिलं. सोमवारी नक्की.

१६ सप्टेंबर, सोमवार

ताईचा फोन. पाणी आलं! काल रात्री मोटारी सुरू झाल्या, आज सकाळी नळाला आधी लाल, मग पिवळं, मग स्वच्छ पाणी. तिनं फोन नळाशी धरून मला ऐकवलं. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

मग तिथंच, जिन्यात, मी बोललो. स्टेजवर बोलायचं होतं ते सगळं. की पहिल्या दिवशीच पंप पाठवता आले असते. की मी नावात आणि रंगात आणि साहेबांच्या गालात आठवडा घालवला. की तुझा गुडघा, कॅन, रांग, हे सगळं माझ्यामुळं लांबलं. की तू आणि भावोजी माझ्या भरवशावर बसला होतात आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडलं. बोलता बोलता आवाज फुटला.

 ताई अगदी मायेनं म्हणाली, अरे वेड्या, रडतोस काय? तुझ्यामुळं काही अडलं नाही आमचं. तुझ्या भरवशावर कोण बसलं होतं? ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी तुझा फोन ठेवला आणि वहिनीला लावला. तुला पुढं फोन करत होते ते आपलं तुला वाईट वाटू नये म्हणून.

मी म्हटलं, असं होय.

ती म्हणाली, हो रे, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग तिनं गुडघ्याचा पट्टा बरा आहे म्हणून सांगितलं, आणि वहिनीला फोन द्यायला सांगितलं. मी म्हटलं, मी ऑफिसात आहे. ती म्हणाली, बरं, मग तिलाच लावते.